पात्र असलेल्या मुलांनाच प्रवेश

मसुदेकाकांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर, अगदी मधोमध, इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग पडला आणि तिथून या सगळ्या प्रकरणाला सुरुवात झाली. डागही असा, की कुणी मन लावून शिक्का मारावा तसा रेखीव. काकांना शिक्क्यांबद्दल आदर होता, पण तो कागदावरच्या शिक्क्यांबद्दल. एकतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयात पत्रांचे मसुदे लिहिले होते आणि त्यांच्या मसुद्यातला स्वल्पविरामसुद्धा कुठल्या साहेबाने हलवला नव्हता, असं ते स्वतः सांगत. निवृत्तीनंतर गल्लीतल्या कुणालाही अर्ज लिहायचा झाला की तो त्यांच्याकडे येई, आणि दोन ओळींचं काम दोन पानांचं होऊन परत जाई. मसुदेकाका हे नाव त्यातूनच पडलं. ते चेष्टेने पडलंय हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ मानाचाच लावायचा असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"मी हा शर्ट घेऊन आत्ता खाली जाणार आहे," ते काकूंना म्हणाले, "आणि तीन मुद्द्यांत बोलणार आहे."

"बोला," काकू म्हणाल्या. "येताना दूध आणा."

इस्त्रीवाली बाई इमारतीच्या फाटकाशी पत्र्याच्या टपरीत काम करायची. काका पोहोचले तेव्हा ती जागेवर नव्हतीच. टेबलावर कुणाची तरी विजार एका पायाने गुळगुळीत आणि दुसऱ्या पायाने चुरगळलेली अशी पडली होती, शेजारी तापलेली इस्त्री उभी. काकांनी पहिला मुद्दा मनात घोळवला, दुसरा घोळवला, तिसऱ्याची शब्दरचना बदलली. तेवढ्यात बाई मागच्या गल्लीतून धापा टाकत आली आणि काकांच्या हातातला शर्ट बघून जागच्या जागी थांबली.

"चुकलं माझं, काका. पोरीला बघायला पळाले आणि इस्त्री तशीच राहिली."

मुलगी आठ वर्षांची. शाळेला पाच आठवड्यांची सुट्टी लागलेली. नवरा ट्रकवर, एकदा गेला की आठ-दहा दिवस तोंड दिसत नसे.

"बाहेरून कुलूप घालते, काका. ताटात काहीतरी झाकून ठेवते. दिवसातून चार वेळा पळत जाऊन खिडकीतून बघून येते. शाळा असली की जिवाला घोर नसतो. तिथे जेवते, खेळते. सुट्टी लागली की हे असं पळणं बघा."

"आणि ती दिवसभर काय करते?"

"काय करणार? खिडकीत बसते आणि मी येते का ते बघते."

काकांचा तिसरा मुद्दा गेला, मग दुसरा गेला. पहिला कसाबसा उरला होता, तोही त्यांनी गिळला. "पुढून चांगलाच आहे की शर्ट," असं काहीतरी पुटपुटून ते वर आले आणि दूध विसरले.

दुसरा कुणी असता तर त्याने हळहळ व्यक्त केली असती आणि पेपर उघडला असता. काकांनीही पेपरच उघडला, पण त्यांची वाचायची पद्धत वेगळी होती. ते बातम्यांच्या आधी जाहीर सूचना वाचत, कारण बातम्या कुणीही लिहितो. आठ दिवसांपूर्वी त्यांनी 'सुट्टीतील खेळ व भोजन उपक्रम' अशी एक सूचना वाचली होती आणि तिच्यातल्या व्याकरणाच्या दोन चुका पेन्सिलने दुरुस्तही केल्या होत्या. केंद्र दोन गल्ल्या सोडून, सार्वजनिक सभागृहात. सकाळी नऊ ते दुपारी तीन. खेळ, हस्तकला आणि गरम जेवण. काकांनी तो जुना अंक रद्दीतून शोधून काढला आणि टेबलावर थाप मारली.

"झालं काम!"

"तुम्ही 'झालं काम' म्हणालात की मला धडकीच भरते," काकू म्हणाल्या. मागच्या वेळी काका असं म्हणाले होते तेव्हा इमारतीची लिफ्ट सात महिने बंद पडली होती.

दुसऱ्या दिवशी काका सभागृहात गेले. मोठा थोरला हॉल, भिंतीला लावून साठ खुर्च्या, आणि मध्ये अकरा मुलं एका चेंडूभोवती अवघडून उभी. प्रत्येकाच्या गळ्यात पिवळं कार्ड आणि कार्डावर जाड काळ्या अक्षरांत एकच शब्द: पात्र. मागच्या दारात आचारी एका पालथ्या पातेल्यावर बसला होता. पाचशे माणसांचा स्वयंपाक एका हाताने केलेला माणूस आपण, आणि इथे अकरा पोरांसाठी भाजी चिरतोय, हे दुःख त्याने काकांना ओळख नसताना सांगितलं.

केंद्राच्या ताई मात्र काकांना बघून खुलल्या. नवीन मूल येतंय म्हटल्यावर त्यांनी लगेच अर्ज पुढे केला. "साठांची सोय आहे, काका. आणा तिला उद्याच. फक्त पात्रतेचा दाखला जोडा."

"तो कोण देतं?"

"या उपक्रमाचं कार्यालय देतं. शाळेचं पत्र दाखवलं की लगेच देतं."

काका शाळेत गेले. फाटकाला साखळी, आत रखवालदार खुर्चीवर.

"मुख्याध्यापकांचं एक पत्र हवं होतं."

"सुट्टी आहे."

"म्हणूनच आलोय. सुट्टीतल्या उपक्रमासाठीच पत्र हवंय."

"मग शाळा उघडली की या."

"शाळा उघडली की सुट्टी संपेल!"

"हो ना," रखवालदार सहानुभूतीने म्हणाला. "मुलांना पण त्याचंच वाईट वाटतं."

तिथून काका कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ही गोष्ट काकांना पुढे कितीतरी दिवस सांगावीशी वाटली. मग त्या म्हणाल्या, "शाळेचं पत्र नसेल तर शाळेचं पत्र का मिळालं नाही, याचं शाळेचं पत्र आणा."

काकांनी मग आपलं ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं. घरी येऊन त्यांनी चार पानी अर्ज लिहिला. त्यात सुट्टी म्हणजे काय, शाळा म्हणजे काय, आणि त्या दोन गोष्टी एकाच वेळी का असू शकत नाहीत, हे क्रमाने सिद्ध केलं. अर्जाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं. 'आपला अर्ज विहित नमुन्यात नसल्याने विचारात घेता येत नाही.'

काका ती ओळ हातात धरून बराच वेळ बसून राहिले. काकूंना वाटलं, त्यांना अपमान झाल्यासारखं वाटतंय. तसं वाटत होतंच, पण खरं दुखणं वेगळं होतं. ती ओळ त्यांचीच होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पाणीपुरवठा कार्यालयात त्यांनीच ती पहिल्यांदा मसुद्यात घातली होती. साहेबांना आवडली, मग दुसऱ्या कार्यालयांनी उचलली. एवढ्या वर्षांत ती किती घरांत पोहोचली असेल, आणि तिथे कोण असं ती हातात धरून बसलं असेल, याचा विचार त्यांनी आजवर केला नव्हता.

तरीही ते टपरीवर गेले आणि बाईला म्हणाले, "थोडा धीर धरा. दाखला मी मिळवतोच. मग कार्ड मिळेल."

बाईने इस्त्री उभी केली. "ते पिवळं कार्ड ना? बघितलं मी. पोरं रस्त्याने जातात तेव्हा लोक वाचतात ते. शाळेत सगळी एका रांगेत जेवतात, काका. कोण कुणाचं, घरी काय आहे, काही कळत नाही. गळ्यात पाटी अडकवून पोरीला जेवायला नाही पाठवणार मी. त्यापेक्षा कुलूप बरं."

 बाई पुन्हा इस्त्री करू लागली.

त्यात ताईंचा निरोप आला. तपासणी अधिकारी बुधवारी येणार, आणि हजेरी चाळिसाच्या खाली दिसली तर केंद्राचं समायोजन होणार, हायवेपलीकडच्या केंद्रात. काका लगेच केंद्रावर गेले. ताईंना समायोजन म्हणजे नेमकं काय ते कळलं नव्हतं. काकांना चांगलंच कळलं होतं. "समायोजन म्हणजे बंद," ते म्हणाले. "हा शब्द मी स्वतः वापरलाय. तीन पाण्याच्या टाक्यांसाठी."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ वर्षांच्या मुलीला हायवे ओलांडून कोण नेणार? म्हणजे इस्त्रीवाल्या बाईच्या मुलीचं कुलूप कायमचं, आणि आज येणारी अकराही घरी. काकांनी यादी मागून घेतली. त्यात एक गोष्ट दिसली. शाळा बंद होण्याआधी छत्तीस मुलांनी दाखले काढले होते. अकरा येत होती. पंचवीस मुलं दाखला घरात ठेवून बसली होती, बहुधा केंद्र सुरू झालंय हेच त्यांना माहीत नव्हतं.

"पण काका, छत्तीसच," ताई म्हणाल्या. "चाळीस कुठे होतात?"

"छत्तीस तर येऊ द्या. चारांसाठी मी अधिकाऱ्यांशी बोलेन. त्यासाठी हवी एक सूचना," काका म्हणाले. "स्पष्ट. निःसंदिग्ध. ती मी लिहितो."

रात्रीच्या जेवणापर्यंत मसुदा तयार झाला. 'सुट्टीतील खेळ व भोजन उपक्रमांतर्गत सार्वजनिक सभागृहातील केंद्रात बुधवारी सकाळी नऊ वाजल्यापासून केवळ पात्र असलेल्या मुलांनाच प्रवेश देण्यात येईल.'

"एवढं कशाला?" काकू म्हणाल्या. "'मुलांनो, जेवायला या' असं लिहा की."

"अगं, तसं लिहिलं तर कुणीही येईल!"

"मग?"

हा प्रश्न उत्तर देण्याच्या लायकीचा नाही असं काकांना वाटलं, आणि ते मसुदा घेऊन इमारतीच्या बैठकीत गेले. तिथे नेहमीप्रमाणे तिघे होते: सोसायटीचे सेक्रेटरी, तळमजल्यावरचे डॉक्टर आणि निवृत्त चित्रकला मास्तर. तिघांनाही मसुदा फार आवडला, म्हणून तिघांनी त्यात बदल सुचवले. डॉक्टर म्हणाले, "मुलांचा कार्यक्रम आहे, स्वच्छतेचा उल्लेख पाहिजेच." काकांनी नाइलाजाने शेवटी 'स्वच्छतेची काळजी घ्यावी' असं जोडलं. सेक्रेटरी म्हणाले, "हल्ली इतकं लांब कुणी वाचत नाही. मी फोनवर सगळ्यांना थोडक्यात पाठवतो." मास्तरांनी फक्त विचारलं, "पोस्टर मी केलं तर चालेल?"

निवृत्तीनंतर मास्तरांना कुणी काही काढायला सांगितलं नव्हतं. सोमवारी सकाळी पोस्टर फाटकावर, टपरीच्या बाजूच्या भिंतीवर आणि सभागृहाबाहेर लागलं. काकांचा मसुदा खाली बारीक अक्षरांत होता. वर तीन चतुर्थांश जागेत एक भांडं होतं. काय भांडं होतं ते! गोल पोटाचं, काठाला उजेड लागलेलं, हात लावला तर गार लागेल असं वाटणारं. काका दोन मिनिटं त्याच्यापुढे उभे राहिले. जेवणाचा उपक्रम आहे, तर भांडं असणारच, असा त्यांनी विचार केला आणि मास्तरांना शाबासकी दिली. सेक्रेटरींचा फोनवरचा निरोप त्यांनी पाहिला नाही, कारण त्या गटातून लिफ्टच्या प्रकरणात त्यांना काढून टाकलं होतं.

बुधवारी साडेआठला काका सभागृहाकडे निघाले आणि कोपऱ्यावर वळताच दचकून थांबले. रस्त्याने मुलं चालली होती. दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यांनी. आणि प्रत्येकाच्या हातात रिकामं भांडं. पातेली, किटल्या, डबे, बादल्या. पाणीपुरवठा कार्यालयात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे दृश्य साधंसुधं वाटत नाही. काका चटकन एका झाडामागे झाले. कुठल्या भागाचं पाणी गेलं असेल, मोर्चा कुठे चाललाय, आपल्याला कुणी ओळखलं तर नाही ना, असे विचार त्यांच्या डोक्यात गर्दी करू लागले. आपण निवृत्त झालो आहोत हे आठवायला त्यांना मिनिटभर लागलं.

तोवर डॉक्टरांचा नातू शिट्टीसकट प्रेशर कुकर डोक्यावर घेऊन समोरून गेला.

"अरे, कुठे निघालास हे घेऊन?"

"केंद्रात. पात्र असलेल्या मुलांनाच घेतात ना!" नातू म्हणाला. "आजोबांनी घासून दिलंय. स्वच्छ पाहिजे म्हणाले."

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सेक्रेटरींनी फोनवर पाठवलेला निरोप त्यांनी नातवाकडूनच ऐकला: बुधवारी नऊ वाजता सभागृह, खेळ आणि जेवण, स्वच्छ पात्र असेल तरच प्रवेश. एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही वाक्याचे दोन अर्थ झाले नव्हते. आज झाले, आणि चुकीचा अर्थ भांडं घेऊन रस्त्याने चालला होता.

सभागृहात त्र्याहत्तर मुलं होती. दाखलेवाली पंचवीस त्यात आली होती आणि बाकीचीही आली होती. केंद्राची मदतनीस बाई दारात उभी राहून पोस्टरप्रमाणे इमानदारीने प्रत्येकाचं पात्र तपासत होती. "हे गळतंय. बोटाने दाबून धर आणि जा आत." एकाने फुलदाणी आणली होती. दोघा जुळ्या बहिणींनी मिळून लहान बाळाला अंघोळ घालायचा टब धरून आणला होता. एक मुलगा नुसताच आला म्हणून रडत होता, त्याला ताईंनी आपल्या टेबलाखालची कागद टाकायची टोपली देऊन आत बसवला. पिवळी कार्डं साठच होती, ती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे न कळून ताईंनी कुणालाच दिली नव्हती, आणि आधीच्या अकरांनीही आपली काढून खिशात घातली होती.

आणि तिसऱ्या खिडकीखाली एक मुलगी बसली होती, दोन वेण्यांची, मांडीवर पत्र्याचा लहानसा वाडगा. तो वाडगा काका ओळखत होते. टपरीत कपड्यांवर पाणी शिंपडायचा वाडगा होता तो.

"तुझी आई कुठेय?" काकांनी विचारलं.

"कामावर. मी पोस्टर वाचून दाखवलं तिला," मुलगी म्हणाली. "ती म्हणाली, नीट वाच, कार्ड लागतं का? मी तीनदा वाचलं. काही नाही लागत. फक्त भांडं."

काका पुढे काही विचारणार, तोच दारात अधिकारी उभे. किरकोळ बांधा, खांद्याला फायलींनी फुगलेली पिशवी, चेहऱ्यावर चार दिवसांच्या प्रवासाची धूळ. त्यांनी हॉल पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिला.

"किती मुलं?"

"त्र्याहत्तर, साहेब," ताई म्हणाल्या. 

"आणि दाखले?"

"छत्तीस."

अधिकारी मुलांकडे वळले आणि त्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही सगळे पात्र आहात का?"

"हो!" त्र्याहत्तर गळ्यांतून आवाज आला आणि हॉलभर भांडी वर गेली. कुकरचं झाकण खाली पडलं, त्याचा खणखणाट बराच वेळ चालला. एक वाडगा मात्र वर गेला नाही. वेण्यांच्या मुलीने तो छातीशी धरला होता आणि ती दाराकडे बघत होती. आता उठायला सांगतील, आपण आपणहूनच उठावं का, असा हिशेब तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"ही सूचना कुणी लिहिली?" अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांच्या हातात बाहेरचं पोस्टर होतं.

काका पुढे झाले.  त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक, सरळ सांगावं की वाचणाऱ्यांनी चुकीचा अर्थ लावला, आपला मसुदा बरोबर होता. त्यात त्यांची अब्रू राहत होती आणि सदतीस मुलं घरी जात होती. दुसरा रस्ता त्यांनी आयुष्यात धरला नव्हता. त्यांनी एकदा तिसऱ्या खिडकीकडे पाहिलं.

"मी लिहिली, साहेब. आणि ती उपक्रमाच्या परिपत्रकाला धरूनच आहे. कलम चार बघा. 'केंद्रात पात्र असलेल्या मुलांना प्रवेश द्यावा.' आता पात्र या शब्दाची व्याख्या परिपत्रकात कुठेही नाही. व्याख्या नसली की शब्दाचा प्रचलित अर्थ घ्यायचा, हा नियम. पात्र म्हणजे भांडं. या प्रत्येक मुलाकडे भांडं आहे. आपण स्वतः खात्री करून घ्या."

 अधिकाऱ्यांनी पिशवीतून परिपत्रक काढलं आणि चौथं कलम ओठ हलवत वाचलं. मग पान उलटलं.

"आणि सातव्या कलमात दाखल्याचं आहे, त्याचं काय?"

"'आवश्यक वाटल्यास दाखला मागवावा,'" काका पाठ असल्यासारखं म्हणाले. "आवश्यक वाटणं हे तपासणी अधिकाऱ्यांवर आहे. आपल्याला वाटतंय का?"

अधिकारी एका खुर्चीवर बसले. "काल मी ज्या केंद्रात गेलो तिथे चार मुलं होती," ते हळूच म्हणाले. "त्यातली दोन आचाऱ्याची. परवा एका ठिकाणी एकच होता, तोही पत्ता चुकून आलेला. आणि वर मला साहेब विचारतात, अन्न आहे, जागा आहे, मग मुलं का येत नाहीत?" त्यांनी हॉलवरून नजर फिरवली. "नाही. मला आवश्यक वाटत नाही. पण हे सगळं मला लेखी लागेल."

लेखी! काकांनी आनंदाने खिशातून पेन काढलं. टिपणी सहा ओळींत झाली. इतकी छोटी टिपणी त्यांनी जन्मात लिहिली नव्हती. अधिकाऱ्यांनी ती वाचली, 'भांड्यासह' हा शब्द खोडून 'सपात्र' केला आणि खाली सही ठोकली. आपल्या मसुद्यात कुणी शब्द बदलतोय हे काकांनी पाहिलं, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. छातीवरून कुणी पाट्याचा दगड उचलावा तसं त्यांना हलकं वाटलं आणि ते तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले.

ताई आता वेगळ्याच कारणाने रडत होत्या. "पण साहेब, स्वयंपाक चाळिसांचा आहे! आणि ताटल्या तर वीसच आहेत, बाकीच्या कपाटात आहेत आणि किल्लीवाला सुट्टीवर आहे!"

"ताटल्यांचं काय घेऊन बसलात?" आतून आचाऱ्याची आरोळी आली. तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला होता आणि त्याचं तोंड उजळलं होतं. "जो तो आपलं भांडं घेऊन आलाय की! मला अर्धा तास द्या. पोतंभर तांदूळ पडून आहेत. मोठं पातेलं चढवतो. शेवटी एकदा पातेलं लागलं माझं!"

अर्धा तास त्र्याहत्तर भुकेल्या मुलांना शांत ठेवणं हे काम दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. हस्तकलेचे सर आले नव्हते. डॉक्टरांच्या नातवाने कुकरवर चमच्याने ताल धरला. बादलीवाले त्यात घुसले, किटल्या मागोमाग आल्या, टबने खालचा सूर सांभाळला. मास्तर काय गोंधळ आहे ते बघायला आले होते, ते पुढे उभे राहून हात हलवू लागले. अधिकाऱ्यांच्या छापील तक्त्यात 'आजचा उपक्रम' असा रकाना होता. त्यांनी कानांवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने लिहिलं: वाद्यवृंद.

मग जेवण झालं. भात, भाजी, उकडलेलं अंडं आणि केळं, जो तो आपल्या पात्रात. कुकरमध्ये वाकून जेवणाऱ्या नातवाचे फक्त केस दिसत होते. फुलदाणीतला भात उलथून बाहेर काढावा लागला. कागदाच्या टोपलीतल्या मुलाला ताईंनी एक खरी ताटली दिली, तर तो म्हणाला, नको, टोपलीच बरी आहे. कोण दाखल्याचा आणि कोण बिनदाखल्याचा हे ताईंनाही आता सांगता आलं नसतं.

तीन वाजता इस्त्रीवाली बाई आली. ती धावत आली नाही, चालत आली. दारात काका उभे होते, त्यांच्याजवळ येऊन थांबली.

"काका, आज मी एकदापण घरी पळाले नाही," ती म्हणाली. "वाडगा पोरगी घेऊन आली, तर हातानेच पाणी शिंपडलं. पण सगळे कपडे झाले. मध्येच सवयीने उठायचे आणि मग आठवायचं, की कुलूप नाहीये आज." एवढं बोलून तिने पायरीवर बसकण मारली, जणू आठवडाभराचं चालणं आत्ता संपलं होतं.

काका म्हणाले, "तिला बोलावू का?"

"थांबा, मी बोलावते." तिने आत पाहिलं. मुलगी हॉलच्या मध्यभागी होती, पाच-सहा जणींच्या घोळक्यात, वाडगा डोक्यावर टोपीसारखा घातलेला. काहीतरी खेळ चालला होता आणि तिच्यावर राज्य होतं. आईने हाक मारली. मग थोडी मोठ्याने मारली. मुलीने दाराकडे तोंड केलं, पण तिची नजर आईवरून सरळ पुढे गेली आणि ती पळालेल्या मैत्रिणीच्या मागे धावत सुटली.

बाई पायरीवर तशीच बसून राहिली. तिने पदराने डोळे पुसले आणि हसत काकांकडे वळली.

"बघितलंत का, काका?" ती म्हणाली. "मी आलेय, आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये."